सुवर्णकमळ आणि चिखल

कमळ चिखलात उगवतं, हे आपल्याला शाळेत सुभाषितासारखं शिकवलं. चिखलाचं पुढं काय होतं, ते कुणी शिकवलं नाही. सरकारनं चित्रपटाच्या सर्वोच्च पदकाला नाव दिलं सुवर्णकमळ. त्याच्या खालोखाल रजतकमळ. सत्तर वर्षांहून जुना हा सोहळा. दिल्लीचं विज्ञान भवन, राष्ट्रगीत, राष्ट्रपती, मानपत्र, टाळ्या, फोटो. या सोहळ्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. कुठल्या भाषेला किती पदकं, कुणाचं हुकलं, कुणाचं वशिल्यानं जमलं. मला तो चिखलाच्या बाजूनं लिहायचाय. या मंचावर आपलं जगणं किती वेळा गेलं आणि आपण किती वेळा गेलो? या दोन आकड्यांमधली दरी मोजायचीय.

सुरुवातीपासून घेऊ.

१९४९ साली सरकारनं स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५१ ला तिचा अहवाल आला. सिनेमा म्हणजे नुसता गल्ल्याचा धंदा नव्हे, त्याला वळण लावलं पाहिजे, असा तो काळ. १९५४ साली १९५३ च्या चित्रपटांना पहिली पदकं दिली गेली. अखिल भारतातला उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते मराठीला. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. मराठी माणूस अजून ते अभिमानानं सांगतो. सांगू दे. त्याच वर्षी बिमल रॉयच्या 'दो बिघा जमीन'ला प्रशस्तिपत्र मिळालं. म्हणजे पहिल्याच खेपेला आई आणि जमीन. दोन्ही गोष्टी आपल्याही. पण आपल्याला जमीन नव्हती, आणि आपल्या आईवर पुस्तक निघायला अजून वेळ होता.

साने गुरुजींच्या मूळ पुस्तकात एक महार म्हातारी आहे. मोळीवाली. कुणी मोळी उचलून देत नाही, शिवायचं कसं? श्यामची आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायला सांगते. गुरुजींना मी कमी लेखत नाही. पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्या माणसानं प्राण पणाला लावून उपोषण केलं. पण ती गोष्ट नीट बघा. मोळी उचलणारा श्याम मोठा होतो. सांगणारी आई मोठी होते. म्हातारी मोळी घेऊन वाटेला लागते. ती कुठं राहते, सरपणाचे तिला किती पैसे मिळतात, श्यामनं आंघोळ केली हे तिला कळलं तेव्हा तिला काय वाटलं, ते कुणी विचारत नाही. पुढच्या सत्तर वर्षांत या सोहळ्यात जे जे झालं, त्याचा साचा इथं पडला. दया करणाऱ्याची गोष्ट. ज्याच्यावर दया केली, तो वाटेला लागलेला.

दुसऱ्या वर्षापासून भाषावार रौप्यपदकं सुरू झाली. १९५४ च्या चित्रपटांत मराठीचं रौप्यपदक मिळालं अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला. हा चित्रपट वेगळा. त्याचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई. ज्या माणसानं आपल्या घरातला हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याच्या नावावर प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतीचं पदक लागलं. पदकाच्या इतिहासातलं हे पान मी जपून ठेवतो. इथं दया नव्हती, इथं बंड होतं.

त्याच खेपेला मल्याळमचं रौप्यपदक 'नीलक्कुयिल'ला गेलं. पी. भास्करन आणि रामू करियात यांचा चित्रपट. पुलय जातीची नीली, नायर जातीचा मास्तर. तिला दिवस जातात, मास्तर हात झटकतो, ती रुळाशेजारी मरून पडते. पोर जिवंत राहतं, आणि एक पोस्टमन त्याला वाढवतो. चांगला चित्रपट. जातीचं नाव घेऊन बोलणारा. पण केरळात एक नीली याच्या आधी होऊन गेली होती. ती पडद्यावरची नव्हती, हाडामांसाची होती. तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे.

तिचं नाव पी. के. रोझी. पुलय समाजातली, गवत कापणारी, लोकनाट्यात काम करणारी बाई. जे. सी. डॅनियल नावाच्या माणसानं मल्याळममधला पहिला मूकपट काढला, 'विगतकुमारन'. १९२८ ते १९३० च्या दरम्यानची गोष्ट. त्यात रोझी नायिका. भूमिका नायर बाईची. तिरुवनंतपुरमला खेळ लागला. पुलय पोरीनं नायर बाईची साडी नेसून पडद्यावर यावं? लोकांनी पडद्यावर दगड मारले. रोझीला गाव सोडून पळावं लागलं. ती तमिळ मुलखात गेली, नाव बदलून जगली, पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. मल्याळमची पहिली नायिका, आणि तिच्या चित्रपटाची एक फीतही शिल्लक नाही.

आता दुसरी बाजू. १९३६ साली बॉम्बे टॉकीजनं 'अछूत कन्या' काढला. अस्पृश्य पोरगी कस्तुरी, तिचं ब्राह्मणाच्या पोरावर प्रेम. कस्तुरी कोण झालं? देविका राणी. ठाकूर घराण्याशी नातं, शिक्षण विलायतेत. देशभर वाहवा झाली. पुढं १९६९ साली सरकारनं चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा सन्मान सुरू केला, दादासाहेब फाळके पुरस्कार. तो पहिल्यांदा कुणाला दिला? देविका राणीला.

देविका राणीचं कर्तृत्व मोठं. तिनं स्टुडिओ चालवला, माणसं घडवली. पुरस्कार तिला एका भूमिकेसाठी मिळाला नाही, हेही खरं. पण इतिहासाची ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. सवर्ण बाई अस्पृश्य झाली, तिची वाहवा झाली. अस्पृश्य बाई सवर्ण झाली, तिला दगड बसले. पहिली पुरस्काराच्या यादीत पहिल्या ओळीवर. दुसरी यादीत नाहीच. भारतीय चित्रपटाचा जातीचा कायदा एवढ्या दोन ओळींत मावतो. वरच्यानं खालचं सोंग घ्यावं, त्याला अभिनय म्हणतात. खालच्यानं वरचं सोंग घेतलं, त्याला पायरी सोडली म्हणतात.

आणि नावं बघा. १९६७ च्या चित्रपटांपासून नट-नटीला वेगळी पदकं सुरू झाली. नटाच्या पदकाला 'भरत', नटीच्या पदकाला 'उर्वशी'. पहिला भरत उत्तमकुमार, पहिली उर्वशी नर्गिस. उर्वशी म्हणजे इंद्राच्या दरबारातली अप्सरा. भरत म्हणजे नाट्यशास्त्राचा मुनी. त्याच नाट्यशास्त्रात लिहिलंय की शूद्रांना वेद ऐकायची बंदी, म्हणून सगळ्या वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद काढला. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी लिहिलंय की भरताच्या पोरांनी ऋषींची टिंगल केली, म्हणून ऋषींनी शाप दिला, तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे ग्रंथच कबूल करतो की नाचणारा, गाणारा, सोंगं घेणारा माणूस खालचाच. तमाशा कुणी जगवला? जलसा कुणी केला? हलगी, संबळ, तुणतुणं कुणाच्या हातात? महार-मांगांच्या, कोल्हाट्यांच्या, गोंधळ्यांच्या. कला शापितांची, पदकाला नाव मुनीचं.

१९५९ च्या चित्रपटांत बिमल रॉयच्या 'सुजाता'ला प्रशस्तिपत्र मिळालं. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य पोर. नूतननं काम जीव ओतून केलं. पोरगी आपली ठरते केव्हा? तिचं रक्त ब्राह्मण आईला चालतं तेव्हा. म्हणजे माणूस ठरायला आधी बाटलीभर रक्त द्या. हे असं कितीतरी वर्षं चाललं.

मग आली सत्तरी आणि ऐंशी. या काळात राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत आपलं जगणं जेवढं आलं, तेवढं आधी कधी आलं नव्हतं. १९७३ साली सरकारनं चित्रपट महोत्सव संचालनालय उभं केलं, पुरस्काराचा कारभार तिकडं गेला. नवा सिनेमा म्हणून जो म्हणतात, तो याच पदकांच्या टेकूवर उभा राहिला. १९७४ च्या चित्रपटांत श्याम बेनेगलचा 'अंकुर' दुसरा उत्कृष्ट. खालच्या जातीची लक्ष्मी, तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या, आणि जमीनदाराचा पोरगा. शबाना आझमीला पदक, साधू मेहेरला पदक. मग 'मंथन', हिंदीतला उत्कृष्ट, आणि तेंडुलकरांना पटकथेचं पदक. १९८० चा 'आक्रोश', हिंदीतला उत्कृष्ट. आदिवासी लहान्या भिकू, बायकोच्या खुनाचा आळ त्याच्यावरच, आणि तो जवळजवळ अख्ख्या चित्रपटात तोंड उघडत नाही. त्याच खेपेला झोपडपट्टीवरच्या 'चक्र'साठी स्मिता पाटीलला पदक. १९८१ ला सत्यजित रायनं दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या गोष्टीवर 'सद्गती' केला. दुखी चांभार ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो, आणि ब्राह्मण त्याचं प्रेत पायाला दोर बांधून ओढत नेतो. त्याला ज्युरीचा विशेष पुरस्कार.

आमच्या वस्तीत तेव्हा समाजमंदिरात एकच टीव्ही होता. रविवारी दुपारी दूरदर्शनवर पुरस्कार मिळालेले प्रादेशिक भाषांतले चित्रपट लागायचे. भाषा कळायची नाही, खालची अक्षरं वाचता यायची नाहीत, तरी म्हाताऱ्या बाया बसून राहायच्या. 'सद्गती' आम्ही तिथंच बघितला. दोराचा तो प्रसंग आला तेव्हा कुणी रडलं नाही. एक म्हातारी एवढंच म्हणली, "आमच्या बापाला असंच नेल्यालं." आणि उठून चुलीकडं गेली. दिल्लीत ज्याला कला म्हणतात, ती आमच्याकडं साक्ष होती.

या चित्रपटांची मी निंदा करत नाही. ज्यांनी काढले, त्यांनी धाडस केलं. पण दोन गोष्टी खटकतात, त्या लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक. किष्टय्या मुका. लहान्या भिकू गप्प. दुखी हात जोडून मरतो. पदकाच्या यादीतला आपला माणूस बहुधा बोलत नाही. बोलतो तो वकील, मास्तर, डॉक्टर, सहकाराचा अधिकारी. त्याच काळात इकडं महाराष्ट्रात काय चाललं होतं? १९७२ ला पँथर निघाली होती. रस्त्यावर, कवितेत, सभेत आपली पोरं कान फाटतील एवढी बोलत होती. मराठवाड्यात नामांतरासाठी घरं जळत होती, माणसं मरत होती. बोलणारा दलित रस्त्यावर होता, मुका दलित विज्ञान भवनात होता. सरकारला बोलक्यापेक्षा मुका परवडतो. मुक्यावर दया करता येते, बोलक्याला उत्तर द्यावं लागतं.

दोन. पदक जातं कुणाकडं? नियमच असा की उत्कृष्ट चित्रपटाचं पदक निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला. मग नट, छायाचित्रकार, संगीतकार. ज्याची गोष्ट, त्याचा रकानाच नाही. भूमिका करणारेही कोण? शबाना शायर कैफी आझमींची लेक, स्मिता मंत्री शिवाजीराव पाटलांची लेक, नसीरुद्दीन आणि ओम पुरी दिल्लीच्या नाट्यविद्यालयातून आलेले. त्यांच्या कामाला माझा सलाम. पण नाट्यविद्यालयाच्या दारापर्यंत आपली किती पोरं पोचत होती? लेखकाच्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या मागं, ज्युरीच्या टेबलाशी आपलं कोण होतं? अण्णाभाऊ साठ्यांच्या 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' या कादंबऱ्यांवर मराठीत चित्रपट निघाले. आणि अण्णाभाऊ १९६९ साली गरिबीतच गेले. गोष्ट आपल्या माणसाची असली तरी ही गत.

१९८५ सालचा सोहळा घ्या. १९८४ च्या चित्रपटांना पदकं. सर्वांत उत्कृष्ट ठरला प्रकाश झाचा 'दामुल'. बिहारचा वेठबिगार, मालकासाठी गुरं चोरायला लावतात, आणि शेवटी खोट्या खुनात फासावर चढवतात. हिंदीतला उत्कृष्ट ठरला गौतम घोषचा 'पार'. बिहारातलीच दलित वस्ती जळते, नवरा-बायको कलकत्त्याला पळतात, गावी परतायच्या पैशासाठी डुकरांचा कळप नदीच्या पार नेतात. बायको गरवार. नसीरुद्दीनला पदक, शबानाला पदक. म्हणजे एकाच संध्याकाळी प्रजासत्ताकानं दोन वेळा लिहून दिलं की बिहारात आमची माणसं जाळतात, वेठीला धरतात, फासावर देतात. १९७७ ला बेलछीत माणसं जिवंत जाळली होती, ते सगळ्यांना आठवत होतं.

मग पुढं काय झालं? १९९६ ला बथानी टोला, २१ माणसं. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे, ५८ माणसं, त्यात बाया आणि तान्ही पोरं. २०१३ साली पाटण्याच्या उच्च न्यायालयानं बाथेचे सगळे २६ आरोपी सोडून दिले. म्हणजे पदक देणारं सरकार आणि पंचनामा करणारं सरकार एकच. एका हातानं सुवर्णकमळ, दुसऱ्या हातानं निर्दोष सुटका. म्हणून मी म्हणतो, हे पदक म्हणजे बक्षीस नव्हे. कबुलीजबाब आहे. राष्ट्रपतींच्या सहीचा. तो कपाटात ठेवायचा नसतो, कोर्टात दाखवायचा असतो.

मुंबईची गोष्ट याहून जवळची. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या झोपड्या पाडण्यावरच्या माहितीपटाला १९८६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात गाणारा शाहीर होता विलास घोगरे. आवाज असा की अंगावर काटा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० माणसं मेली. चार दिवसांनी घोगऱ्यानं स्वतःच्या झोपडीत गळफास घेतला. ज्या चित्रपटात त्याचा आवाज होता, त्याला पदक देऊन अकरा वर्षं झाली होती. आवाजाला पदक मिळतं, आवाजाच्या धन्याला झोपडीच.

आता चिखल स्वतः वर यायला लागला, त्याची गोष्ट.

जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आला. पटकथेत आपले दया पवार होते. चित्रपट पुरा व्हायच्या आत, १९९६ ला, ते गेले. १९९८ च्या चित्रपटांत तो इंग्रजीतला उत्कृष्ट, कलादिग्दर्शनाचं पदक नितीन देसाईंना, आणि नटाचं मामुट्टीला. तेव्हा राष्ट्रपतिपदी होते के. आर. नारायणन. उळवूर गावचे, परवन समाजातले, त्रावणकोर संस्थानात गरिबीत शिकलेले. रोझीवर दगड पडले तेव्हा हे त्याच संस्थानातलं शाळकरी पोर होतं. आणि त्यांच्या कारकिर्दीत केरळच्याच नटाला बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी पदक. सत्तर वर्षांत इतिहास एवढा सरकला. पण कुठवर? तमिळनाडूत हाच चित्रपट लोकांसमोर यायला २०१० साल उजाडलं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. पदक दहा वर्षं आधी, पडदा दहा वर्षं नंतर.

२०११ साली नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला पोरगा. 'पिस्तुल्या' नावाच्या लघुपटाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार. मग २०१४ ला 'फँड्री'. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला, आणि बालकलाकाराचा सोमनाथ अवघडेला, हलगी वाजवणाऱ्या पोराला. जब्या झालेला तो पोरगा कुणाचं सोंग घेत नव्हता. रोझीला जे करू दिलं नाही आणि देविका राणीला जे करू दिलं, त्या दोन्हींचा निकाल त्या पोरानं लावला.

'फँड्री'तला एक प्रसंग आठवा. अख्खं घर डुकरामागं धावतंय. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर मात्र निघून जातं. आता विज्ञान भवन आठवा. तिथंही राष्ट्रपती आले की राष्ट्रगीत, सगळे उभे. त्याच गीताला उभं राहून, त्या गीतावरच्या त्या प्रसंगाला पदक. ज्यानं हा विनोद ओळखला असेल, त्याला हसू आलं नसेल.

आणि दगड. रोझीच्या पडद्यावर लोकांनी दगड मारले. 'अंकुर'च्या शेवटी एक बारकं पोर जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारून पळतं. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड मारतो तो थेट बघणाऱ्याच्या तोंडावर. एकच दगड. हात बदलायला ऐंशीएक वर्षं लागली.

२०१५ ला चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला सुवर्णकमळ. शाहीर नारायण कांबळेवर खटला, का तर त्याच्या गाण्यानं गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला म्हणे. शाहीर झाले नागपूरचे वीरा साथीदार, 'विद्रोही'चे संपादक, चळवळीतला माणूस. संगीत संभाजी भगतांचं. म्हणजे घोगऱ्यांच्या परंपरेतलेच लोक. या खेपेला शाहीर मुका नव्हता. वीरा साथीदार २०२१ च्या १३ एप्रिलला करोनानं गेले, जयंतीच्या आदल्या दिवशी. आणि गटारातली मरणं? २०१३ चा कायदा आहे. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं मेलेल्याच्या घरी १० लाख द्या म्हणलं. २०२३ ला ते ३० लाख करा म्हणलं. रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसं उतरतायत.

३ मे २०१६. त्याच मंचावर 'मसान'साठी पदार्पणाचा पुरस्कार नीरज घेवानला. काशीच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम पोराची गोष्ट. आणि नीरज आपण दलित आहोत हे जाहीर सांगणारा दिग्दर्शक. त्याच दिवशी 'सैराट'साठी रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख. आणि ३० सप्टेंबर २०२२. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, संथाळ आदिवासी. पार्श्वगायनाचं पदक घ्यायला नांजियम्मा, केरळच्या अट्टप्पाडीची इरुळा आदिवासी बाई, गुरं राखून गाणारी. सभागृह उठून उभं राहिलं. पण त्याआधी काही जाणकारांनी कुरकूर केलीच, की शास्त्र शिकलेल्यांवर अन्याय झाला. म्हणजे वेदाचाच वाद. स्वर शुद्ध कुणाचा? पुढच्याच वर्षी, इरुळांवरच्या पोलिसी छळाचा तमिळ चित्रपट 'जय भीम' यादीत औषधालाही नव्हता.

मधला एक प्रसंग राहिला. ३ मे २०१८. राष्ट्रपती रामनाथ कोविंद फक्त ११ पदकं स्वतःच्या हातानं देणार, बाकी मंत्री देणार, असं ऐन वेळी सांगितलं. पन्नासहून जास्त विजेते रुसले, सोहळ्याला गेले नाहीत. पदक राष्ट्रपतीच्याच हातून पाहिजे म्हणाले. मागणी रास्त होती. पण माझ्या मनात वेगळंच आलं. राष्ट्रपती कोविंद, आपल्यातलेच. मोठमोठे कलावंत एका दलिताच्या हातून घ्यायला मिळत नाही म्हणून रागावलेत! रोझीच्या वेळेला हे कुणाला स्वप्नात तरी दिसलं असतं का? हे चमत्कारानं झालं नाही. हे संविधानानं झालं. देणारा हात बदलला तो बाबासाहेबांच्या लेखणीनं. घेणारा हात मात्र आपला आपल्यालाच बदलायचाय, तो कुणी कायद्यानं बदलून देणार नाही.

आणि सरकारची भाषाही ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षं एक पुरस्कार होता 'इतर सामाजिक प्रश्नां'वरच्या चित्रपटाला. आपण नेहमीसारखे 'इतर'. 'जोगवा'ला तो मिळाला होता. २०२२ च्या चित्रपटांपासून तो मोडला. राष्ट्रीय एकात्मता, सामाजिक प्रश्न, पर्यावरण, सगळं एकत्र केलं आणि नाव दिलं राष्ट्रीय, सामाजिक आणि पर्यावरणीय मूल्यांचा प्रसार. बघा, प्रश्न गेला आणि मूल्य आलं. प्रश्न विचारावा लागतो, मूल्याची आरती करता येते.

२०२५ ला मराठीतला उत्कृष्ट चित्रपट कोणता ठरला? पुन्हा 'श्यामची आई'. नवा, २०२३ चा. पुस्तक थोर आहे, नव्या पोरांनी ते पुन्हा करावं, त्यात वावगं काही नाही. पण बहात्तर वर्षांत मोळीवालीच्या बाजूनं ती गोष्ट कुणी काढली नाही. आणि रोझी? तिच्या आणि डॅनियलच्या जगण्यावरच्या 'सेल्युलॉइड'ला मल्याळममधला उत्कृष्ट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१३ ला. शेवटी तिचं नाव विज्ञान भवनात पोचलं. माणूस मातीत गेल्यावर.

मित्रांनो, आपल्याला पदकाची भीक नको. पदकाचा बहिष्कार करा, असंही मी म्हणत नाही. नागराजनं घेतलं ते बरंच केलं, घ्यायलाच पाहिजे होतं. मी एवढंच म्हणतो की पुरस्काराची यादी हा सरकारी दप्तरातला इतिहास आहे, आणि सरकारी दप्तरात आपलं दुःख सर्वोत्कृष्ट म्हणून नोंदलंय, आपलं नाव नाही. तेव्हा आपलं दप्तर आपण ठेवलं पाहिजे. आपल्या जगण्यावरचा प्रत्येक पदकवाला चित्रपट घ्या. कुठल्या वस्तीत चित्रण झालं, गर्दीत कोण उभं राहिलं, गाणं कुणाच्या आजीचं होतं, हलगी कुणी वाजवली, दिवसाचे किती रुपये दिले, नाव पडद्यावर आलं का नाही, ते जाऊन विचारा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा. लिहून या पत्त्यावर पाठवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, पोस्टकार्ड असलं तरी चालेल. आम्ही स्टेन्सिल कापू.

ज्युरीत आपली माणसं बसवा, ही मागणी सरकारकडं करायचीच. पण त्याच्या आधी हे काम. रोझीची एक फीतसुद्धा उरली नाही. दुसरी रोझी अशी हरवता कामा नये.